गुरांच्या दवाखान्यातला दुसरा हात

बारावी झालेली कोकणातली मुलं ‘व्हेटर्नरी नर्सिंगची पदवी’ शोधू लागली की हाती लागतात ते ब्रिटनमधले अभ्यासक्रम. इथे चौकशी केली तर पशुसंवर्धनाच्या पदविकेकडे बोट दाखवलं जातं. दोन्ही एकच समजून प्रवेश घेतला तर फसगत होते. तिकडची पदवी कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात जन्मली, आपली पदविका बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या रोगाच्या, साथीत.

ब्रिटनमध्ये १९०८ साली कुत्र्यांच्या शुश्रूषेसाठी परिचारिका तयार करणारी संस्था निघाली. अधिकृत प्रशिक्षण यायला मात्र १९६१ उजाडलं. तेव्हाही नाव मिळालं ‘अ‍ॅनिमल नर्सिंग ऑक्झिलियरी’, कारण ‘नर्स’ हा शब्द माणसांच्या परिचारिकांसाठी कायद्याने राखून ठेवला होता. ‘व्हेटर्नरी नर्स’ म्हणवून घ्यायला १९८४ पर्यंत थांबावं लागलं. १९९१ मध्ये कायद्यात बदल झाला आणि डॉक्टरच्या सांगण्यावरून औषधोपचार व पोट-छाती न उघडता होणारी छोटी शस्त्रक्रिया करण्याची मुभा त्यांना मिळाली. पदवी अभ्यासक्रम त्यानंतरचे. आज तिथे वर्गाबरोबर दवाखान्यात किमान १८०० तास काम करावं लागतं. भूल दिलेल्या जनावराचा श्वास मोजणं, हिरड्यांचा रंग पाहणं, सलाइनचा हिशोब, वॉर्डची स्वच्छता, असं ते काम.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावरून आली. लष्करात घोड्यांना पाहणाऱ्याला सलोत्री म्हणत. अश्ववैद्यकाचा प्राचीन आचार्य शालिहोत्र, त्याचं नाव झिजून झालेला शब्द. गावातली गुरं मात्र वैदूच्या आणि डाग देणाऱ्याच्या हवाली. बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे होऊ लागले तेव्हा सरकारने गुरांच्या साथींवर आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७१ चा. १८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य, आणि शिकायला शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय. तीन वर्षांनी पुण्यात साथरोगांची प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या थंडीत गेली आणि पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली.

याच परळच्या महाविद्यालयाचं कोकणाशी एक विसरलेलं नातं आहे. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि ते महाविद्यालय त्याच्याकडे आलं. २००० मध्ये नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ होईपर्यंत शिक्षण परळला आणि पदवी दापोलीची, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे डॉक्टर घडवणारी संस्था तीसेक वर्षं कागदोपत्री कोकणाची होती. डॉक्टरच्या हाताखालच्या माणसाचं शिक्षण मात्र कायम पशुसंवर्धन खात्याच्या गरजेनुसार ठरत गेलं.

ती गरज मुख्यतः लसीकरणाची. १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. एवढ्या जनावरांना टोचायला डॉक्टर पुरणार कुठून? म्हणून कमी मुदतीचं प्रशिक्षण देऊन स्टॉकमन तयार केले गेले. आजचा पशुधन पर्यवेक्षक त्यांचाच वारस. बुळकांडीची जिवंत लस उन्हात टिकत नसे, म्हणून बर्फाची पेटी सांभाळणं हे त्यांचं पहिलं कौशल्य. ते आजही लागतं, पण अर्धंच कळतं. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची हा नियम सगळ्यांना पाठ असतो, लस गोठली तरी बाद होते हे विसरलं जातं. गुरांच्या घटसर्पाची तेलमिश्रित लस गोठली की तेल-पाणी वेगळं होतं. टोचलेल्या जागी गाठ येते आणि प्रतिकारशक्ती येत नाही. कोकणात घटसर्प-फऱ्याची फेरी पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात उरकावी लागते, कारण एकदा मृग लागला की वाड्या-वाड्यांवर पोचणं कठीण. त्या घाईत बाटली थेट बर्फाला टेकते. मध्ये कागदाची घडी ठेवली तरी ते टळतं.

बुळकांडी गेली. भारताला २००६ मध्ये रोगमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, जगातून रोग संपल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. शिक्षणाचा साचा मात्र तोच राहिला, आणि १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने तो पक्का केला. कलम ३० नुसार उपचार करायचे ते नोंदणीकृत पशुवैद्यकाने. स्टॉकमन किंवा पर्यवेक्षकाची पदविका असलेल्याला राज्य सरकारच्या आदेशाने, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ‘किरकोळ सेवा’ देता येतात. उदाहरणं दिली आहेत लसीकरण, खच्चीकरण आणि मलमपट्टीची. पशुपरिचारिका हा शब्दच त्या कायद्यात नाही. परदेशातून नर्सिंगची पदवी घेऊन आलेल्याला इथे त्या पदवीच्या बळावर जनावराला सुई लावता येत नाही, त्याचं कारण हे.

‘किरकोळ’ या शब्दावर जाऊ नये. खोंडाच्या खच्चीकरणासाठी बर्डिझोचा चिमटा लावताना वृषणांच्या दोन्ही शिरा वेगवेगळ्या, एक वर तर दुसरी थोडी खाली, अशा चेपायच्या असतात. दोन्ही खुणा एका रेषेत जुळल्या तर खालच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि आठवड्याभरात पिशवी सडते.

खरी उणीव दिसते ती नंतरच्या शुश्रूषेत. संकरित गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसते, उठत नाही, कान गार पडतात. नाव दुग्धज्वर, पण ताप नसतो; रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. डॉक्टर येतो, ४५० मिलिलिटरची बाटली कोमट करून शिरेतून हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत सोडतो. घाई केली तर हृदय थांबू शकतं. एवढं होऊन डॉक्टर जातो. गाय लगेच उठली नाही तर पुढचे बारा तास कोणाचे? ती छातीवर बसती ठेवायची, आडवी पडू द्यायची नाही. नाहीतर पोट फुगतं आणि पोटातलं पाणी श्वासनळीत उतरतं. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, कारण खाली दबलेल्या मांडीचे स्नायू तिच्याच वजनाने मरतात आणि मग कॅल्शियम भरून निघालं तरी पाय उचलत नाहीत. खाली जांभ्याची फरशी असेल तर वीतभर सुकं गवत हवं, आणि श्रावणात कोकणात सुकं गवत मिळवणं हेच मोठं काम. ब्रिटनमध्ये हे नर्सच्या वहीत तासातासाने नोंदलं जातं. इथे ते गोठ्यातल्या बाईकडे येतं आणि तिला सांगितलेलं असतं एवढंच, ‘लक्ष ठेवा’.

शहरांतल्या खासगी दवाखान्यांत भूल दिलेल्या कुत्र्याशेजारी उभा असलेला मदतनीसही बहुधा बघून-बघूनच शिकलेला असतो. पदविकेचा भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि दुधावर. भुलेचं यंत्र तिच्या कक्षेत येत नाही. ज्याला तेच शिकायचं आहे त्याने अर्ज भरण्याआधी विषयांची यादी मागून घ्यावी, आणि डॉक्टर व्हायचं असेल तर वाट वेगळी आहे: बारावी विज्ञान, ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं.