अंगाची आग आणि टाकीचा सेन्सर

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं रजोनिवृत्तीच्या हार्मोन औषधांवरचे काळ्या चौकटीतले बरेचसे इशारे काढायचं जाहीर केलं. बातमी आली त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दोन तट पडले होते. एकीनं लिहिलं, "बघा, वीस वर्षं बायकांना उगाच घाबरवलं." दुसरीनं लिहिलं, "कंपन्यांनी पैसे चारले असणार." तिसरीनं गुलाबाचं फूल टाकलं आणि विषय संपला.

माझा संपला नाही. कारण त्याच आठवड्यात विश्रामबागेतून धाकट्या बहिणीचा फोन आला होता. "अक्का, अंगातनं वाफा निघत्यात बघ. फॅन पाचवर आहे, तरी मी घामानं भिजतीय, आणि हे शेजारी रग घेऊन झोपलेत." तिचं वय ३९. पाळी पाच महिने आलेली नाही. पहिल्या डॉक्टरांनी "इतक्यात कशी जाईल? टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलं. सासूबाईंनी उष्णता वाढल्याचं निदान करून सब्जा, गुलकंद, धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. शेजारच्या काकूंनी लिंबू उतरवून टाकायला सांगितलं, कारण ऐन चाळिशीच्या आत पाळी जाते म्हणजे "बाहेरचं काहीतरी" असणार. दाभोलकरांचा सातारा सांगलीपासून अडीच तासांवर आहे. त्यांचं म्हणणं ते अंतर कापून अजून आमच्या लिंबापर्यंत पोहोचलेलं नाही.

काकूंना द्यायचं साधं उत्तर असं की चाळिशीच्या आत बीजकोश थकणं अजिबात दुर्मीळ नाही. शंभरात एखादीला तरी होतं, नव्या अंदाजांप्रमाणे त्याहूनही जास्त जणींना. पंचेचाळिशीच्या आत पाळी जाणाऱ्या बायका तर आणखी. कधी कारण सापडतं: गुणसूत्रं, केमोथेरपी, शस्त्रक्रिया, शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं आपल्याच बीजकोशावर केलेला हल्ला. बऱ्याचदा सापडत नाही. कारण सापडलं नाही म्हणजे करणी, हे गणित मात्र मला कोणी सोडवून दाखवावं.

सासूबाईंच्या उष्णतेकडे जरा सविस्तर जायला हवं. बहिणीला मी म्हटलं, पुढची वाफ आली की थर्मामीटर लाव. तिनं लावला. ९८ च्या आसपास. चेहरा लालबुंद, कानशिलांवरून घाम ओघळतोय आणि पारा आपला ढिम्म. म्हणजे ताप नाही, अंगात 'उष्णता' साठलेली नाही. उलट त्या चार मिनिटांत शरीर उष्णता बाहेर फेकत असतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, घाम सुटतो. म्हणूनच वाफ ओसरली की थंडी वाजते आणि मघाशी फेकलेली चादर पुन्हा ओढावी लागते. प्रश्न उष्णतेचा नाहीच. शरीराला उकडतंय असं मेंदूला का वाटतं, हा आहे.

आमच्या गच्चीवरच्या टाकीत मोटरसाठी ऑटो बसवलाय. दोन सेन्सर. पाणी खालच्याच्या खाली गेलं की मोटर सुरू, वरच्याला टेकलं की बंद. मधल्या पट्ट्यात पाणी कुठंही असो, मोटर गप्प. मागच्या वर्षी दुरुस्तीला आलेल्या पोरानं दोन्ही वायरी एकमेकींपासून चार बोटांवर सोडल्या. मग काय, कोणी नळाला हात लावला की मोटर सुरू, मिनिटात बंद, पुन्हा सुरू. दिवसभर खटखट. टाकीत पाणी भरपूर होतं, मोटरही धडधाकट होती. चुकलं होतं ते दोन वायरींतलं अंतर.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग आहे, त्यात असाच ऑटो आहे. शरीराचं आतलं तापमान वरच्या रेषेला टेकलं की घाम, खालच्या रेषेला गेलं की हुडहुडी, मध्ये शांतता. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी हा मधला पट्टा मोजला. पाळी गेली आहे पण वाफा येत नाहीत अशा बायकांत तो सुमारे ०.४ अंश सेल्सिअस रुंद निघाला. वाफा येणाऱ्या बायकांत जवळजवळ शून्य! गरम चहाचा घोट, भाकरीचा तवा, दारात आलेला अनोळखी माणूस; तापमान केसभर हललं तरी मोटर सुरू.

आता वायरी कोणी सरकवल्या? इथून पुढचा भाग मला भयंकर आवडतो, त्यामुळे तो लांबणार आहे. चहा घेऊन बसा (चहानं काहींच्या वाफा वाढतात हे माहीत असून सांगते).

पहिला संशय गेला हायपोथॅलॅमसच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीवर. पाळी गेली की तिची एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं खूप वाढतात. १९७९ मध्ये तर असं दिसलं की प्रत्येक वाफेबरोबर रक्तात एलएचची एक उसळी येते. चोर सापडला असं वाटलं. पण शस्त्रक्रियेनं पिट्युटरी काढलेल्या बायकांनाही वाफा येत होत्या. म्हणजे उसळी आणि वाफ या बहिणी. आई वर कुठंतरी, हायपोथॅलॅमसमध्ये.

१९९० च्या सुमारास नेओमी रान्स या मेंदूविकृतितज्ज्ञ मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होत्या. पाळी गेलेल्या बायकांच्या हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक गट त्यांना फुगलेला दिसला. थकलेला, सुकलेला नव्हे, फुगलेला. म्हातारपणी मेंदूतलं काहीतरी वाढतं, हेच मुळी नवल. या पेशी न्यूरोकायनिन-बी नावाचा पदार्थ धडाधड बनवत होत्या. पुढं कळलं की त्याच पेशी आणखी दोन पदार्थ बनवतात, किसपेप्टिन आणि डायनॉर्फिन. के, एन, डी ही आद्याक्षरं जोडून पेशींचं नाव पडलं 'कँडी'. किसपेप्टिनचं जनुक अमेरिकेत हर्शी गावी सापडलं, जिथं 'किसेस' नावाची चॉकलेटं बनतात, म्हणून त्याला ते नाव. हाच शोध साताऱ्यात लागला असता तर आपण कंदीपेप्टिन म्हणालो असतो आणि पेशींचं नाव फारसं बदलावंही लागलं नसतं.

या पेशींचं मूळ काम पाळीचा ठेका धरण्याचं. न्यूरोकायनिन-बी हा त्यांचा ॲक्सिलरेटर, डायनॉर्फिन ब्रेक. दोन्ही एकाच पेशीत. दाबा-सोडा, दाबा-सोडा या लयीत किसपेप्टिनचे ठोके पडतात, त्या ठोक्यांवर पुढच्या पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतात, त्यावर पिट्युटरी एलएच सोडते, आणि बीजकोशातून इस्ट्रोजेन येतं. ते इस्ट्रोजेन परत वर जाऊन या पेशींना सांगतं, पुरे आता. बीजकोश थांबले की 'पुरे' म्हणणारं कोणी उरत नाही. पेशी ओरडत राहतात, फुगतात. आणि त्यांचे तंतू नेमके शेजारच्या प्रीऑप्टिक भागात शिरलेले असतात, जिथं तापमानाचा ऑटो आहे. ओरडा पाळीच्या कारभाऱ्यासाठी होता, ऐकू गेला शेजारच्या घरी.

हे उंदरांवर तपासलं गेलं. उंदीर उष्णता टाकतो शेपटीतून. बीजकोश काढलेल्या मादीची शेपूट गरम राहते. या पेशी नष्ट केल्या की शेपूट थंड. मग २०१५ मध्ये लंडनला पाळी नियमित चालू असलेल्या काही निरोगी तरुण बायकांना शिरेतून न्यूरोकायनिन-बी दिलं, तर बहुतेकींना तिथल्या तिथं वाफा आल्या. त्याच न्यूरोकायनिनचं दार अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. त्यात हार्मोन नाही. यकृताला इजा होऊ शकते म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्याच खोक्यावर काळी चौकट आली, हेही लक्षात असू द्या.

अजून एक गंमत. टर्नर सिंड्रोम (जन्मतः एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अर्धवट असणं) असलेल्या ज्या मुलींच्या शरीरात इस्ट्रोजेन कधी बनलंच नाही, त्यांना वाफा येत नाहीत. औषध म्हणून इस्ट्रोजेन दिलं आणि मग थांबवलं, की येतात! वाफ ही इस्ट्रोजेन नसण्याची नाही, सवय लागून ते तुटण्याची आहे. म्हणून शस्त्रक्रियेनं दोन्ही बीजकोश एकदम गेलेल्या बाईचे हाल, हळूहळू पाळी जाणाऱ्या बाईपेक्षा जास्त.

आता ग्रुपवरच्या भांडणाकडे. भीतीचं मूळ जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या हार्मोन औषधांच्या चाचणीतला १६,६०८ बायकांचा गट मध्येच थांबवला गेला. मथळा होता, स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला. तोच आकडा दुसऱ्या पद्धतीनं सांगते: दर १०,००० बायकांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. दोन्ही खरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि दिलेली गोळी एकाच प्रकारची: गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि जोडीला कृत्रिम प्रोजेस्टिन. गर्भाशय नसलेल्या १०,७३९ बायकांच्या वेगळ्या गटातल्या निम्म्या जणींना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात स्तनांचा कर्करोग वाढला नाही, पक्षाघात मात्र वाढला.

हा हिशेब माझ्या बहिणीला लावायचा कसा? भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. तिचे बीजकोश नीट चालले असते तर अजून सात वर्षं तेच इस्ट्रोजेन तिच्या रक्तात असतं. तिला गोळी किंवा जेल देणं म्हणजे जास्तीचं काही घालणं नव्हे, गेलेलं परत देणं. आणि न देणं हाही काही फुकटचा निर्णय नाही: हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून लवकर पाळी गेलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यायला सांगतात. वाफा येत नसल्या तरी.

दुसरी अडचण म्हणजे: स्तनांचा कर्करोग झालेला असणं, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, त्याचं अस्तर वाढून कर्करोग होऊ शकतो. जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच. तो इशारा अमेरिकेनंही काढलेला नाही. गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवते. कातडीवर चोळायचं जेल ही वाट टाळतं. आणि हे गर्भनिरोधक नव्हे. थकलेले बीजकोश अधूनमधून जागे होतात, त्यामुळे पाळी चुकल्यावर पहिली तपासणी गर्भाची, मग थायरॉइड, मग एफएसएच.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारायला हवी. "पिशवी काढलीय" असं बाई सांगते, पण पिशवीबरोबर बीजकोश काढले की ठेवले हे तिला माहीत नसतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्याच टोळ्या दर हंगामाला आमच्या उसात येतात. वाळव्याच्या फडाशेजारी एका कोपीबाहेर तिशीतली बाई पहाटेच्या गारठ्यात पदरानं वारा घेताना मी पाहिलीय. पिशवी नाही म्हणजे पाळी नाही, म्हणजे बीजकोश कधी थांबले हे सांगणारं काही नाही. तिच्याजवळ असेल तर एक डिस्चार्ज कार्ड. ट्रंकेत तळाशी, रेशनकार्डाच्या घडीत.

आणि 'हार्मोन बॅलन्स' करणारे चहा, चूर्णं? वाफांच्या औषधांच्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्या गटातही वाफा चांगल्याच कमी होतात. त्यामुळे ज्याच्या-त्याच्या चूर्णाला "मला गुण आला" म्हणणारी बाई मिळते, आणि ती खोटं बोलत नसते.

सासूबाईंच्या सब्जाला मी विरोध केला नाही. गार पाणी, सुती गाऊन, रात्री तिखट कमी, उशाशी पंखा यांनी ऑटो दुरुस्त होत नाही, पण नळाला लागणारे हात कमी होतात. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून जानेवारीत जेल आणि प्रोजेस्टेरॉनची गोळी सुरू केली. बहीण भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी प्रत्येक वाफेला लाल टिंब देते. जानेवारीच्या पानावर दुधाचे आकडे वाचता येत नाहीत. मार्चमध्ये येतात. एप्रिलमध्ये टिंबं पुन्हा थोडी वाढली, तेव्हा तिनं घाबरून फोन केला. मी विचारलं, दुपारी दोनला बसस्टॉपवर उभी असतानाचं टिंब कशाला धरलंस? ती म्हणाली, "सांगलीचा उन्हाळा कुठला आणि माझी वाफ कुठली, ते आता कळायचं कसं गं?"