पूर ओसरल्यावर सरकारी मदत: पंचनामा, पात्रता आणि कागदपत्रं

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या नदीकाठाला हे तोंडपाठ आहे. पाणी उतरल्यावर मदत कशी मिळते, हे मात्र फार थोड्यांना नीट माहीत असतं, आणि हक्काची रक्कम हुकते ती बहुतेक वेळा तिथेच.

घर सोडायची वेळ आली तर शेवटच्या तासाची वाट बघू नका. मेन स्विच बंद करा आणि जनावरं आधी हलवा, निदान त्यांची दावी तरी सोडा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा आणि घरपट्टीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावर ठेवा. मोबाइलमध्ये त्यांचे फोटोही असू द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तातडीच्या मदतीसाठी ११२. अफवांपेक्षा नियंत्रण कक्षाने दिलेल्या पाणीपातळीवर विश्वास ठेवा.

सगळं पंचनाम्यावर

मदतीचा पाया म्हणजे पंचनामा. गावात तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीसाठी कृषी सहायक तो करतात, शहरात महसूल आणि महापालिकेचे कर्मचारी. पथक येईपर्यंत चिखल तसाच ठेवणं कुणालाच शक्य नसतं आणि ठेवूही नये, रोगराई पसरते. म्हणून साफसफाईआधी फोटो काढा. पाणी उतरल्यावर भिंतीवर रेघ राहते. त्या रेघेशेजारी घरातलं कुणीतरी उभं राहिलं की पाणी किती चढलं होतं ते फोटोत स्पष्ट दिसतं. तारीख-वेळ उमटणारा कॅमेरा वापरलात तर उत्तम.

पाणी घरात कधी शिरलं आणि कधी उतरलं, हेही लिहून ठेवा. कपडे आणि भांड्यांसाठीच्या मदतीच्या निकषात घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात असल्याची अट आहे. राज्य सरकारने ती वेळोवेळी शिथिल केली आहे, पण नोंद आपल्याकडे असलेली बरी.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. भाडेकरूंनी आपल्या कुटुंबाची नोंद वेगळी करून घ्यावी. घर मालकाचं असलं तरी भिजलेला संसार तुमचा आहे.

किती आणि कुणाला

२०२२-२३ ते २०२५-२६ साठी केंद्राने आपत्ती प्रतिसाद निधीचे जे दर ठरवले, ते असे: मृताच्या वारसांना ४ लाख. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४ हजार. कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. दुभत्या गायी-म्हशीला ३७,५००, शेळी-मेंढीला ४ हजार. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७ हजार, बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार प्रत्येक आपत्तीनंतर स्वतंत्र शासन निर्णय काढून यात वाढ करू शकतं, म्हणून चालू दर तहसील कार्यालयात विचारा. दुकानं या निकषांत बसत नाहीत, पण २०२१ मध्ये राज्याने दुकानदार आणि टपरीधारकांना वेगळी मदत दिली होती. त्यामुळे दुकानाचा परवाना आणि मालाची बिलं जपा.

कागदपत्रं

सगळ्यांना आधार, रेशनकार्ड आणि आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक लागतं. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती. शेतीसाठी सातबारा, ८अ आणि अ‍ॅग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक. जमीन सामायिक खात्यावर असेल तर सातबाऱ्यावरच्या इतर खातेदारांची संमती. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं. जनावर दगावलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा आणि कानातल्या बिल्ल्यासह फोटो काढा. कागद वाहून गेले असतील तरी पंचनामा थांबू देऊ नका. सातबारा ऑनलाइन मिळतो, आधार डिजिलॉकरमधून काढता येतं.

शेतकऱ्यांची यादी पोर्टलवर चढली की प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो. ई-केवायसी करायला सांगितलं तर तो क्रमांक आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा द्यावा लागतो. पैसे थेट खात्यात येतात. बंद पडलेलं किंवा आधार न जोडलेलं खातं हे रक्कम अडकण्याचं नेहमीचं कारण, तेव्हा बँकेत आधीच चौकशी करा. मदत मिळवून देतो म्हणून ओटीपी मागणाऱ्याला तो सांगू नका.

यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात बघायला मिळते. नाव नसेल, किंवा पूर्ण पडलेलं घर अंशतः म्हणून लिहिलं असेल, तर तोंडी बोलून भागत नाही. तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहा, फोटो आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडा, फेरपंचनाम्याची मागणी करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. पुढे प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जायची वेळ आली तर तीच प्रत लागते.