एथेल लॉरेन्स होम्स

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, फिलाडेल्फियाजवळच्या माउंट लॉरेल या उपनगरातील १४० भाडेघरांची वसाहत. पहिली १०० घरे २००० साली आणि उरलेली ४० घरे २००४ साली झाली. अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी टॅक्स क्रेडिट देणाऱ्या संघीय योजनेच्या आधारे ती उभी राहिली. उपनगरात अशी घरे बांधताना पैशापेक्षा जागेची परवानगी किती अवघड असते, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण.

१९७० च्या सुमारास गावाच्या स्प्रिंगव्हिल भागात काही कृष्णवर्णीय कुटुंबे कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांतून केलेल्या खोल्यांत राहत. तिथल्या रहिवाशांनी ३६ सदनिकांचा प्रस्ताव दिला, पण झोनिंगमध्ये, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या स्थानिक नियमांत, सदनिका बसतच नव्हत्या. १९७१ साली दावा दाखल झाला. एथेल लॉरेन्स त्यातील प्रमुख वादी. प्रदेशातील स्वस्त घरांच्या गरजेचा रास्त वाटा प्रत्येक विकसनशील नगरपालिकेने उचलावा, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. माउंट लॉरेलच्या नगरपालिकेने बांधकामाला गैरसोयीचे तीन तुकडे तेवढे नव्या झोनमध्ये टाकून वेळ मारून नेली. १९८३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले, तरी नियोजन मंडळाची मंजुरी १९९७ ची. लॉरेन्सबाई १९९४ मध्येच वारल्या होत्या. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर चढतील ही शेजाऱ्यांची भीती. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या तशाच गावांशी तुलना करून २०१३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात तिन्हींपैकी काहीच आढळले नाही.

टॅक्स क्रेडिटची योजना १९८६ च्या करसुधारणा कायद्यातली, आयकर संहितेच्या कलम ४२ मधली. क्रेडिट म्हणजे देय करातूनच थेट वजा होणारी रक्कम. राज्याची गृहनिर्माण संस्था स्पर्धेतून क्रेडिट वाटते. बिल्डर ते स्वतः वापरत नाही, प्रकल्पात भागीदार होणाऱ्या गुंतवणूकदाराला, बहुधा बँकेला, देऊन रोख भांडवल उभे करतो. समजा जमीन वगळून पात्र (क्रेडिटच्या हिशेबात धरला जाणारा) खर्च १.२ कोटी डॉलर आहे. ९ टक्के दराने वर्षाला १०.८ लाख, दहा वर्षांत १.०८ कोटींचे क्रेडिट. डॉलरमागे ८८ सेंट भाव मिळाला तर हाती सुमारे ९५ लाख. उरलेले कर्ज आणि अनुदानातून. करमुक्त रोख्यांबरोबर मिळणारे ४ टक्क्यांचे क्रेडिट याहून बरेच तोकडे पडते. ठरावीक गरीब किंवा महागड्या भागांत पात्र खर्च १३० टक्के धरतात. सुखवस्तू उपनगर त्यात सहसा येत नाही, मात्र ९ टक्क्यांच्या प्रकल्पांना राज्य २००८ पासून स्वतःच्या अधिकारात ही वाढ देऊ शकते.

खरी कोंडी वेळापत्रकाची. क्रेडिट मंजूर झाल्यापासून १२ महिन्यांत अपेक्षित खर्चाचा १० टक्के भाग करावा लागतो, आणि मंजुरीनंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस इमारत वापरात यावी लागते. शेजाऱ्यांचे एखादे अपील दोन वर्षे लांबले की क्रेडिट परत. म्हणून जाणकार विकासक झोनिंग हातात आल्याशिवाय अर्ज करत नाहीत.

भाड्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ते भाडेकरूच्या प्रत्यक्ष कमाईवर नव्हे, उत्पन्नमर्यादेवर ठरते. दोन बेडरूमच्या घरात, बेडरूममागे दीड माणूस या हिशेबाने, तिघे धरतात. त्या भागात तिघांच्या कुटुंबाचे मध्यम उत्पन्न १ लाख डॉलर आणि मर्यादा त्याच्या ६० टक्के असेल तर ६०,००० च्या ३० टक्के म्हणजे महिना १,५०० डॉलर. त्यात वीज-पाणीही आले. ती बिले भाडेकरू भरत असेल आणि त्यांचा ठरलेला अंदाज १५० असेल, तर भाडे १,३५० च. वर्षाला ३०,००० कमावणाऱ्याला हे जडच जाते. एथेल लॉरेन्समध्ये मध्यम उत्पन्नाच्या १० टक्के एवढीच कमाई असणाऱ्यांपर्यंत घरे ठेवली आहेत. इतक्या खालच्या उत्पन्नापर्यंत निव्वळ क्रेडिटने पोचता येत नाही.

पहिली १५ वर्षे आयकर खात्याची देखरेख असते; नियम मोडल्यास घेतलेल्या क्रेडिटचा काही भाग व्याजासह परत जातो. चुका बहुतेक कागदावरच्या: ओव्हरटाइम उत्पन्नात न धरणे, वीज-पाण्याचा जुना अंदाज वापरणे, सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असलेल्या घराला अपवाद न तपासता जागा देणे. भाडेकरूची कमाई नंतर वाढली म्हणून त्याला घर सोडावे लागत नाही. ती मर्यादेच्या १४० टक्क्यांपलीकडे गेली, तर त्याच इमारतीत रिकामे होणारे पुढचे घर पात्र कुटुंबाला द्यायचे असते. भाड्याचे बंधन किमान ३० वर्षांचे, पण १५ वर्षांनंतर काही राज्यांत मालकाला त्यातून सुटण्याची वाट असते. तेव्हा जागा कोणाच्या नावावर आहे, हे आधीच पाहावे.