पुलमनची तपकिरी ब्लँकेटं आणि निळ्या रंगाचा नियम

जुन्या अमेरिकन स्लीपर डब्यांतली ही ब्लँकेटं आता लिलावात नाहीतर जुन्या बाजारात दिसतात. जाड लोकर, तांबूस-तपकिरी रंग आणि मधोमध पुलमन कंपनीचं नाव, तेही छापलेलं नाही तर कापडातच विणलेलं, म्हणजे उसवून टाकायची सोयच नाही.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. १८६०च्या दशकात शिकागोतल्या जॉर्ज पुलमन या उद्योजकाने आलिशान स्लीपर डबे काढले, ते रेल्वे कंपन्यांना विकून मोकळं न होता डबे, नोकर, चादरी, ब्लँकेटं सगळं स्वतःच्या ताब्यात ठेवलं. दिवसा अंथरूण-पांघरूण वरच्या बर्थमध्ये बंद, रात्री पोर्टरने, म्हणजे डब्यात प्रवाशांची सेवा करणाऱ्या नोकराने, काढून घालायचं. १९२०च्या दशकात एका रात्रीत लाखभर माणसं या डब्यांत झोपायची, मग ब्लँकेटं किती लागत असतील बघा. मिनियापोलिसची एक लोकर गिरणी हा माल पुरवायची.

आता मुद्द्याचं. पोर्टर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, आणि त्यांच्यासाठी ब्लँकेट वेगळं, निळं. प्रवाशांची ब्लँकेटं जुनी झाली की तीच निळी रंगवून पोर्टरना द्यायची आणि निळं ब्लँकेट प्रवाशाच्या अंगावर कधीच जाता कामा नये, असा कंपनीचा नियमच होता. काही जण म्हणतील की स्टॉकचा हिशोब सोपा जावा म्हणून रंग वेगळा ठेवला असेल, पण हिशोबच ठेवायचा होता तर कोपऱ्यात एक खूण पुरली असती की, अख्खं ब्लँकेट कशाला रंगवायचं. गोऱ्या प्रवाशाला काळ्या माणसाने वापरलेलं पांघरूण चुकूनही मिळू नये, मला तरी यात दुसरं काही दिसत नाही. बरं, ते निळं ब्लँकेट घेऊन झोपायचं कुठे, तर पुरुषांच्या स्मोकिंग रूममधल्या सोफ्यावर, तेही जेमतेम तीन-चार तास. महिन्याला ४०० तास काम, बूट पॉलिशचा खर्च खिशातून, आणि प्रवाशाने टॉवेल ढापला तरी पैसे पोर्टरच्या पगारातून!

१९२५ मध्ये पोर्टरची युनियन झाली आणि तब्बल बारा वर्षं भांडून १९३७ मध्ये करार झाला, त्यात महिन्याचे तास २४० वर आले.

पुढे सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यामुळे कंपनीला डबे बनवायचे की चालवायचे यातलं एक निवडावं लागलं, १९४७ मध्ये डबे चालवायचा धंदा रेल्वे कंपन्यांच्या एका गटाने विकत घेतला. तोवर लोक मोटारीकडे आणि विमानाकडे वळायला लागले होते. १९४९ मध्ये ब्लँकेटं पुरवणारी ती गिरणी मिनियापोलिस सोडून ओहायोला गेली आणि १९६८ संपताना कंपनीची स्लीपर सेवाही बंद झाली. तपकिरी ब्लँकेटं आज हौशी लोक जपून ठेवतात, विकणारे मात्र कुठल्याही तपकिरी ब्लँकेटला पुलमनचं म्हणून खपवतात, त्यामुळे विणलेलं नाव बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.