टायबरकाठची दलदल आणि रोमची जन्मकथा

रोम नगराची स्थापना इ.स.पू. ७५३ मध्ये झाली, हा हिशेब व्हारो या रोमन विद्वानाच्या नावावर रूढ झाला. त्याचा दिवस २१ एप्रिल मानला गेला, कारण त्या दिवशी मेंढपाळांचा पारिलिया हा सण असे. दंतकथा अशी: ट्रॉयच्या विनाशातून निसटलेला ईनिअस इटलीत आला. त्याच्या वंशजांनी आल्बा लाँगा या नगरात राज्य केले. त्याच घराण्यातील रिआ सिल्व्हिया हिला मंगळदेव मार्सपासून रोम्युलस आणि रेमस ही जुळी मुले झाली. सिंहासन बळकावणाऱ्या आम्युलिअसने ती टायबर नदीत सोडून देण्याची आज्ञा दिली, पण लांडगिणीने त्यांना दूध पाजले आणि फॉस्ट्युलस नावाच्या गुराख्याने वाढवले. मोठेपणी नगर कोठे वसवावे यावरून भावांत वाद झाला, तेव्हा रेमसला सहा आणि रोम्युलसला बारा गिधाडे दिसली. पुढे रोम्युलसच्या नव्या तटावरून उपहासाने उडी मारणारा रेमस मारला गेला.

लिव्ही या इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे की, नगराच्या स्थापनेपूर्वीच्या आणि स्थापनेच्या काळातील गोष्टी विश्वसनीय इतिहासापेक्षा काव्याला अधिक शोभणाऱ्या आहेत. त्यानंतरच्या राजांची यादीही तपासून पाहण्यासारखी आहे. इ.स.पू. ७५३ पासून, राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले त्या ५०९ पर्यंतच्या २४४ वर्षांत केवळ सात राजे झाले असे मानले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी जवळजवळ ३५ वर्षे येतात. त्यांपैकी अनेकांना मारण्यात आले किंवा हाकलून देण्यात आले, हे लक्षात घेतले तर ही सरासरी पटत नाही.

मग जमीन काय सांगते? पॅलेटाइन टेकडीवर १९४८ मध्ये झालेल्या उत्खननात, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ टफ खडकात कोरलेले खांबांचे खळगे स्पष्ट दिसले. ते लोहयुगातील लहान, लंबगोल झोपड्यांचे होते; लाकडाचा सांगाडा, कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर अशी त्यांची रचना असावी. रोमन लोक पुढे याच टेकडीवर ‘रोम्युलसची झोपडी’ जतन करत आणि ती मोडकळीस आली की तिची शक्य तितकी पूर्वीसारखीच डागडुजी करत. झोपड्यांतून आपली सुरुवात झाली ही त्यांची आठवण, म्हणजे दंतकथेचा हा भाग, माझ्या मते खरा आहे. खालच्या दरीत, जेथे पुढे फोरम हा प्रसिद्ध चौक झाला, तेथे जाकोमो बोनी या पुरातत्त्वज्ञाला १९०२ मध्ये लोहयुगातील दफनभूमी सापडली. तेथील काही दहनांच्या अस्थी झोपडीच्याच आकाराच्या मातीच्या कलशांत ठेवलेल्या होत्या. कॅपिटोलाइन टेकडीच्या परिसरात तर वस्तीच्या खुणा थेट कांस्ययुगापर्यंत मागे जातात. म्हणजे एका दिवशी एका माणसाने रोम वसवले नाही. नदी ओलांडण्याच्या सोयीच्या जागेशेजारी, निरनिराळ्या टेकड्यांवर, शतकानुशतके वस्त्या होत्या.

या वस्त्यांचे नगर केव्हा झाले, याचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते टेकडीवर नसून दरीत आहे. फोरमची मूळ जमीन इतकी सखल होती की टायबरच्या पुराचे पाणी तेथे वारंवार शिरत असे. पुरातत्त्वज्ञ आल्बर्ट अमरमन यांनी तेथे खोलवर छिद्रे पाडून मातीचे नमुने काढले, तेव्हा नैसर्गिक थरांवर माणसाने आणून टाकलेला जाड भराव आढळला. त्याचे एकूण आकारमान दहा हजार घनमीटरहून अधिक असावे, असा अंदाज आहे. इ.स.पू. सातव्या शतकातील हे काम एखाद्या टेकडीवरच्या मूठभर कुटुंबांच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी अनेक वस्त्यांचे श्रम एकत्र आणणारी सत्ता लागते, आणि माती टाकून झाल्यावर जी जागा मिळते तिच्यावर कोणाही एका टेकडीचा हक्क राहत नाही. रोम येथे जन्मले असे मी म्हणेन. दलदलीचे पाणी काढण्याचे श्रेय परंपरा सात राजांपैकी टार्क्विन घराण्यातील राजांना देते, आणि येथे परंपरा व उत्खनन एकमेकांच्या बरेच जवळ येतात. फोरममध्येच सापडलेल्या ‘काळ्या दगडा’खालच्या प्राचीन शिलालेखात राजाचा उल्लेख आहे, त्यामुळे रोमला राजे होते याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही.

याउलट, पुरातत्त्वज्ञ आंद्रेआ कारांदिनी यांना १९८८ मध्ये पॅलेटाइनच्या पायथ्याशी सापडलेल्या इ.स.पू. आठव्या शतकातील भिंतीला ‘रोम्युलसचा तट’ म्हणणे अनेक संशोधकांना मान्य नाही, आणि तो सावधपणा योग्य आहे. भिंतीचे वय मोजता येते. ती बांधणाऱ्याचे नाव मोजता येत नाही. कॅपिटोलाइन संग्रहालयातील लांडगिणीच्या प्रसिद्ध कांस्यमूर्तीचेही तसेच आहे: ती फार प्राचीन समजली जाई, परंतु अलीकडच्या कालमापनाने ती मध्ययुगीन असावी असे सुचवले आहे, आणि तिच्याखालची जुळी बाळे तर पंधराव्या शतकात जोडलेली आहेत.

रोम्युलसने परागंदा लोकांना आश्रय देऊन आपल्या नगराची लोकसंख्या वाढवली, असे कथा सांगते. रोम आणि आसपासच्या २९ स्थळांवरील १२७ सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील लोहयुगीन व्यक्तींच्या वंशाचे मूळ एकसारखे नसून काहींचे पूर्वज पूर्व भूमध्य प्रदेशाशी, तर काहींचे उत्तर आफ्रिकेशी जोडलेले दिसतात. नमुने थोडे आहेत आणि त्यांतून ईनिअस किंवा आश्रयाची घटना सिद्ध होत नाही, परंतु टायबरकाठचा हा प्रदेश प्रजासत्ताकाच्या आधीपासूनच भूमध्य सागराच्या व्यापाराला आणि स्थलांतराला खुला होता, एवढे त्यातून स्पष्ट होते.