पाटीवरची पेन्सिल आणि रक्तातलं लोह

गेल्या पावसाळ्यात ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला असलेल्या एका शाळेत तिसरीतली मुलगी आमच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या ओठांच्या कडेला पांढरी पूड लागली होती. पाटीवरच्या पेन्सिलीची. "रोज खातेस?" असं विचारल्यावर तिने मूठ उघडून दाखवली. आत आणखी दोन तुकडे होते. मागे उभी असलेली आई म्हणाली, "ताई, मारून बघितलं, बोटांना मिरची लावून बघितली, दृष्ट काढली. काही केल्या सुटत नाही." वर्गाच्या बाईंची तक्रार वेगळीच होती. ही कोणात मिसळत नाही, विचारलं तर बोलत नाही आणि मधल्या सुट्टीनंतर डोकं बाकावर टेकते.

आईची तक्रार आणि बाईंची तक्रार एकाच ठिकाणाहून आलेली असू शकते, हे लोकांना पटवायला मला अजूनही वेळ लागतो. म्हणून हा लेख.

मी तीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत होते. निवृत्तीनंतर ठाण्यातल्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेबरोबर शाळांमध्ये जाऊ लागले. संस्था दोन कामं करते. एक, मुलांचं वजन, उंची, हिमोग्लोबिन. दोन, 'गप्पांचा तास', म्हणजे समुपदेशक ताई मुलांबरोबर बसते, चित्रं काढून घेते, घरचं-दारचं ऐकते. सुरुवातीला ही कामं वेगवेगळ्या दिवशी व्हायची. मग लक्षात आलं की 'उदास वाटते', 'चिडचिड करते' म्हणून ताईकडे पाठवलेल्या मुलांची आणि माझ्याकडे हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुलांची यादी पुष्कळशी सारखीच आहे. तेव्हापासून दोन्ही खुर्च्या एकाच टेबलाला लागतात.

ठाण्यात मनाच्या आरोग्याबद्दल बोलणं पूर्वी सोपं नव्हतं. १९०१ साली सुरू झालेल्या इथल्या मनोरुग्णालयामुळे 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य अख्ख्या महाराष्ट्रात टोमणा म्हणून वापरलं गेलं. त्याच गावात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आयपीएच' (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मनाच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था उभी केली आणि मनाचं दुखणं चारचौघांत बोलायची सवय लावली. आज पालक समुपदेशक ताईकडे न लाजता येतात, त्यामागे ही सगळी मेहनत आहे. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की मनाकडे बघताना रक्ताकडेही बघा.

आकडे आधी सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. सगळ्याच रक्तक्षयाला लोहाची कमतरता कारणीभूत नसते, पण ते मोठं कारण आहे.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते. शरीराला लोह लागतं, पण मोकळं लोह त्याला परवडत नाही. मोकळा लोहाचा कण पेशीत फिरू लागला तर तो पेशीचीच मोडतोड करतो. त्यात आणखी एक अडचण अशी की जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नाही. जादा मीठ मूत्रपिंड बाहेर टाकतं, लोहासाठी तशी सोय नाही. त्यामुळे सगळी राखण आत येण्याच्या दारावरच करावी लागते आणि ते दार आहे आतड्यात.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशीला दोन दारं आहेत असं समजा. पुढचं दार अन्नाच्या बाजूला, मागचं रक्ताच्या बाजूला. भाजी-डाळीतलं लोह पुढच्या दारातून आत यायचं तर ते विशिष्ट रूपात असावं लागतं आणि लिंबातलं, आवळ्यातलं क जीवनसत्त्व त्याला त्या रूपात आणतं. एवढं होऊन लोह पेशीत आलं, तरी अजून रक्तात पोचलेलं नाही. मागच्या दारावर फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन आहे. लोहाला पेशीतून रक्तात जायचा हा एकच रस्ता.

या दाराची किल्ली यकृताकडे असते. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवतं. अवघ्या २५ अमिनो आम्लांची ही साखळी, पण तिचा हुकूम सगळ्या शरीरात चालतो. हेप्सिडिन येऊन फेरोपोर्टिनला चिकटलं की पेशी ते दारच आत ओढून घेते आणि मोडून टाकते. लोह पेशीत अडकतं. आतड्याच्या अस्तराच्या या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडतात आणि आत अडकलेलं लोह त्यांच्यासकट शौचावाटे निघून जातं. म्हणजे मुलाने गोळी घेतली, लोह आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचलं आणि रक्ताला न मिळताच वाया गेलं.

हेप्सिडिन कधी वाढतं? शरीरात लोहाचा साठा भरपूर असेल तेव्हा, हे सरळ आहे. पण जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, त्यामुळे शरीर ते त्यांच्यापासून लपवून ठेवतं. संसर्ग झाला की प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप सोडतात, यकृत तो वाचून हेप्सिडिन बनवायला घेतं आणि लोहाची दारं पटापट बंद होतात. इतकंच नाही, जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यातलं लोह परत वापरात आणणाऱ्या भक्षकपेशींचं दारही हेच फेरोपोर्टिन असतं. मोठ्या माणसात रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह असं फिरून वापरलं जातं आणि अन्नातून रक्तात येतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. तेव्हा दार बंद झालं की नवी आवक थांबते आणि जुन्यावर चाललेला मोठा व्यवहारही अडतो. आता दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खोकला, ताप, जुलाब, अशा घरातलं मूल डोळ्यांसमोर आणा. त्याच्या ताटात लोह असेलही, पण दार महिन्यातले बरेच दिवस बंद असतं. म्हणून ताप अंगात असताना आमची संस्था मुलांना लोहाच्या गोळ्या देत नाही. ताप उतरून मूल नीट जेवायला लागलं की देते.

गोळीचा डोस घेतल्यावरही हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये दाखवून दिलं की रोज गोळी घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतला जास्त वाटा रक्तात उतरतो. आपल्या शाळांमध्ये सरकारी कार्यक्रमातली गुलाबी गोळी (पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी ४५ मिलिग्रॅम लोह, ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) आठवड्यातून एकदाच असते. "एका गोळीने काय होणार?" असं विचारणाऱ्या पालकांना मी या दाराची गोष्ट सांगते. ज्याचा रक्तक्षय ठरला आहे त्याचा उपचाराचा डोस वेगळा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

आता मेंदू. लोह कमी पडू लागलं की शरीर जे आहे ते आधी तांबड्या पेशींना देतं, कारण प्राणवायू पोचला नाही तर सगळंच थांबेल. मेंदूचा नंबर त्यानंतर लागतो. त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा अजून बरा दिसत असतानाच मेंदूत लोहाची चणचण सुरू झालेली असू शकते. फक्त हिमोग्लोबिन पाहून 'नॉर्मल आहे' म्हणणं मला म्हणूनच पुरेसं वाटत नाही. साठा सांगणारं फेरिटिन पाहायला हवं आणि तेही मूल आजारी नसताना, कारण संसर्गात फेरिटिन उगाच चढतं.

मेंदूत लोह कशाला लागतं? टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराच्या (एन्झाइमच्या) गाभ्यात लोहाचा अणू असतो. डोपामाइन हे मेंदूतले निरोप नेणारं रसायन. ते बनवण्याची पहिली पायरी हा विकर चढवतो आणि लक्ष लागणं, एखाद्या गोष्टीची ओढ वाटणं डोपामाइनवर चालतं. सेरोटोनिन हे तसंच दुसरं रसायन बनवणाऱ्या विकरालाही लोहच लागतं. शिवाय मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या पेशी मेंदूतल्या सगळ्यात लोहसमृद्ध पेशी आहेत. वेष्टण पातळ राहिलं तर निरोप सावकाश जातात. बेट्सी लोझॉफ या संशोधिकेने कोस्टा रिकातल्या बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तान्हेपणी लोह बरंच कमी असलेली मुलं बुजरी आणि आईला चिकटून राहणारी होती, कमी खेळत होती. लोह भरून काढल्यानंतरही मोठेपणापर्यंत काही फरक शिल्लक राहिले. हे वाचलं तेव्हा मला प्रयोगशाळेत 'सौम्य रक्तक्षय' असा शेरा मारून पुढे सरकवलेले शेकडो रिपोर्ट आठवले.

तर पाटीवरची पेन्सिल. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची ओढ हे लोह कमी असल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. ती करणी नव्हे, वाईट सवय नव्हे, दृष्ट तर नव्हेच. मिरची लावलेली बोटं घेऊन शाळेत आलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यातल्या एकाचे डोळे चोळून लालभडक झाले होते. तसाच राग मला मोबाइलवर फिरणाऱ्या 'सात दिवस बीट-डाळिंबाचा रस, रक्त दुप्पट' या निरोपाचा येतो. बीट लाल असतं ते बीटालेन या रंगद्रव्यामुळे. त्याचा रक्ताच्या रंगाशी काही संबंध नाही आणि शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. बुद्धी तल्लख करणाऱ्या महागड्या सिरपांवर आया पोटाला चिमटा काढून पैसे घालतात. त्या पैशांत महिनाभर मटकी, चवळी, अळिवाचे लाडू आणि लिंबं येतात.

लोहाची गोळी सगळ्यांना सरसकट मोठ्या डोसात द्यावी असं मात्र मी म्हणत नाही. जवळच उल्हासनगरात सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यात थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आढळतात. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार आहे. अशा मुलांचं हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण निराळं असतं, तपासणीशिवाय लोह भरत राहिलं तर नुकसान होऊ शकतं.

त्या मुलीचं हिमोग्लोबिन ८.७ निघालं. या वयाला ११.५ हवं. आईशी बोलताना कळलं की मुलगी रात्री पाय आपटते, झोपेतून उठते, म्हणून आजीजवळ झोपवतात. झोपताना पायांत अशी चुळबुळ होणं हेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं आणि दुपारच्या पेंगण्याचा उलगडा तिथेच झाला. सकाळी काय खाते? "चहा-चपाती, नाहीतर चहा-पोहे." चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटू शकतं. पोह्यांवर लिंबू पिळून लोहासाठी दार उघडायचं आणि वर चहा पिऊन ते लोहच अडवून ठेवायचं, असं आपल्या घराघरांत चालतं. आम्ही चहा बंद करा म्हटलं नाही, कोणी केलाही नसता. तासभर पुढे ढकला म्हटलं. डॉक्टरांनी औषध दिलं, शौचाला काळं होईल हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर आया घाबरून बाटली बंद करतात. जंताची गोळी दिली. समुपदेशक ताईने तिला दर गुरुवारी बोलावलं, कारण त्या घरात वडिलांचं काम सुटलेलं होतं, रोज भांडणं होती. ते काही लोहाच्या औषधाने मिटणार नव्हतं.

तीन आठवड्यांत पेन्सिल सुटली. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झालं, रात्रीचं पाय आपटणं थांबलं. औषध अजून चालू आहे, साठा भरायला आणखी काही महिने लागतील. गणित तिला अजूनही आवडत नाही. गेल्या गुरुवारी मात्र तिने ताईला न विचारता सांगितलं की बाबांना नाक्यावर काम मिळालंय आणि मग माझ्याकडे वळून बोट पुढे केलं, "टोचा, आता किती आलंय बघा."