लाइव्ह ॲक्शन रूपांतर (ॲनिमेशन मालिकांचे)

रेखाटलेल्या किंवा संगणकावर घडवलेल्या मालिकेची कथा, पात्रे आणि त्यांचे जग खरे नट, खरे कपडे व खऱ्या जागा घेऊन पुन्हा चित्रित करणे म्हणजे लाइव्ह ॲक्शन रूपांतर. ही संज्ञा सैलपणे वापरली जाते. २०१९ चा ‘द लायन किंग’ याच नावाने ओळखला गेला, पण त्यातला एक शॉट सोडला तर सगळा चित्रपट संगणकावरच तयार झाला होता. या नोंदीत मुख्यतः माणसे कॅमेऱ्यासमोर उभी राहतात त्या रूपांतरांचा विचार केला आहे. उदाहरणांसाठी सातारा जिल्ह्यातील वाई–मेणवली परिसर घेतला आहे, कारण रेखाटलेले गाव खऱ्या दगडावर उतरवायला निघाल्यावर काय काय आडवे येते ते तिथे सरळ दिसते.

मूळ अडचण एका वाक्यात सांगता येते: रेषेला वजन नसते. चित्रातला मुलगा डोंगर उचलतो, हवेत क्षणभर थांबतो, सात वर्षे त्याच वयाचा राहतो आणि त्याचे धोतर कधी मळत नाही. या सगळ्यासाठी चित्रकाराला फार तर कागदाचा आणखी एक ताव लागतो. कॅमेऱ्यासमोर मात्र यातल्या प्रत्येक गोष्टीला दोर, परवाना, धोबी किंवा दिवसाचा ऊन असलेला भाग लागतो. ‘मुळाशी प्रामाणिक राहायचे की बदल करायचे’ हा वाद प्रेक्षकांत रंगतो, पण निर्मितीच्या टेबलावर त्याआधीचा प्रश्न असतो: रेषेने फुकट दिलेल्या कोणत्या गोष्टीची किंमत मोजायची आणि कोणती सोडून द्यायची.

वेळ आणि ठेका. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असल्या तरी रेखाटने बहुधा १२ असतात. एक चित्र दोन चौकटी टिकते. ठोसा मारताना आधी हात मागे जातो, मग एक-दोन चौकटींत तो लागतो, आणि नंतर चित्र गोठते. हशा त्या गोठण्यावर येतो. माणसाच्या हाताला तेवढेच अंतर कापायला साधारण सात-आठ चौकटी लागतात, आणि नट गोठून उभा राहिला तर तो संवाद विसरल्यासारखा वाटतो. २००५ ते २००८ या काळात आलेल्या ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या ६१ भागांच्या मालिकेत हाताच्या एका झटक्याबरोबर दगड उडतो. त्याच मालिकेवरच्या २०१० च्या चित्रपटात अनेक जण मिळून लांबलचक हातवारे करतात आणि मग एक धोंडा संथपणे तरंगत जातो. दृश्य-परिणाम (व्हीएफएक्स) वाईट नव्हते. क्रिया आणि परिणाम यांच्यातला ठेका तुटला होता. मारामारीचा दिग्दर्शक आणि दृश्य-परिणामांचा प्रमुख यांनी हालचाल एकत्र बसून मोजली नाही की हे हमखास होते.

लांबीचा हिशेबही फसवा असतो. याच मालिकेच्या पहिल्या पर्वाचे २० भाग २०२४ च्या रूपांतरात आठ भागांत बसवले गेले. मिनिटे जवळपास तेवढीच राहिली, पण वीस वेळा सुरू होऊन संपणाऱ्या गोष्टी आठ डब्यांत कोंबाव्या लागल्या. मधले निवांत, बिनकामाचे प्रसंग आधी गळाले. पात्रांवर प्रेक्षकांचा जीव त्याच प्रसंगांत जडलेला असतो. मग पात्रे आपल्या भावना तोंडाने सांगू लागतात. पटकथेत एखादे पात्र आपला स्वभाव स्वतःच समजावून सांगत असेल तर तो या कोंबाकोंबीचा पुरावा समजावा.

शरीर, चेहरा, कपडे. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात ते साडेसातपट असते, दहा वर्षांच्या मुलाची सुमारे सहापट. कार्टूनमधला मुलगा अडीच-तीन डोक्यांचा असतो आणि अर्धा चेहरा डोळ्यांनीच व्यापलेला असतो. हे प्रमाण खऱ्या मुलावर आणता येत नाही, आणि संगणकाने अर्धवट आणले तर अंगावर काटा येतो. मासाहिरो मोरी या जपानी रोबोतज्ज्ञाने १९७० मध्ये याच जागेवर बोट ठेवले होते: प्रतिमा माणसाच्या अगदी जवळ जाते पण पुरती माणूस होत नाही, तेव्हा ती अचानक नकोशी वाटते. निळ्या हेजहॉगच्या (काटेरी अंगाच्या छोट्या प्राण्याच्या) ‘सॉनिक’ चित्रपटाची पहिली झलक एप्रिल २०१९ मध्ये आली तेव्हा त्याचे माणसासारखे दात आणि बारीक डोळे लोकांना सहन झाले नाहीत. पात्र नव्याने घडवावे लागले आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेले. उलट टोकही आहे. ‘द लायन किंग’मधले सिंह इतके खरे केले की त्यांच्या तोंडावर दुःख उमटेना.

कपड्यांत रंग हा पहिला शत्रू. चित्रातले केशरी धोतर म्हणजे एकच सपाट छटा. तोच रंग कापडावर घेऊन वाईच्या दुपारच्या उन्हात उभे राहिले की त्याची झाक मुलाच्या हनुवटीवर पडते आणि कॅमेऱ्यात कापडाच्या घड्या नाहीशा होतात. उपाय जुनेच आहेत: सॅटिनऐवजी जाडसर सुती कापड, चहाच्या पाण्यात बुडवून रंग एक-दोन छटा उतरवणे, दोन-तीन वेळा धुऊन कडा मऊ करणे. मुख्य पात्राच्या पोशाखाचे किमान चार एकसारखे जोड लागतात आणि डमीसाठी, म्हणजे नटाच्या जागी उभ्या राहणाऱ्या बदली माणसासाठी, मोठ्या मापाचे दोन वेगळे. उघड्या अंगाचे पात्र असेल तर अडचण वाढते, कारण दोरावर लटकवण्याचा पट्टा लपवायला कापडच नसते. मग एकतर उपरणे द्यायचे किंवा पट्टा संगणकावर पुसण्याचा खर्च धरायचा. हा निर्णय शिंप्याकडे जाण्याआधी व्हायला हवा, पण तो बहुतेक वेळा शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी होतो.

खाण्याचे दृश्य सोपे वाटते. लाडू खाऊन बळ येणाऱ्या मुलाचे एक दृश्य चार कोनांतून, प्रत्येकी पाच टेक धरून घेतले तर वीस लाडू झाले. तिसऱ्या लाडवानंतर मूल खाल्ल्याचा अभिनय करू लागते. आत चुरमुरे आणि वर बेसनाचा पातळ थर असा हलका लाडू वळावा, टेकसाठी फक्त एक घास ठेवावा आणि अर्धवट खाल्लेल्या लाडवाचा फोटो प्रत्येक टेकनंतर काढावा. नाहीतर संकलनात लाडू लहान-मोठा होत राहतो.

मुले आणि प्राणी. रेखाटलेले मूल मोठे होत नाही. खरे मूल दोन पर्वांच्या मध्ये चार इंच वाढते आणि त्याचा आवाज फुटतो. ‘अवतार’च्या मूळ कथेला उन्हाळा संपेपर्यंतची मुदत आहे, कारण तेव्हा धूमकेतू येणार असतो. २०२४ च्या आवृत्तीत नटांच्या वाढत्या वयाचा विचार करून ही मुदतच मागे सारली गेली. शहाणपणाचा निर्णय, पण त्याने कथेची घाईही गेली.

भारतात बालकलाकारांसाठी १९८६ च्या बालकामगार कायद्याखालील नियम २०१७ मध्ये बदलले. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम चालत नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते आणि कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. परवानगी चित्रीकरण जिथे होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची. म्हणजे घाट वाईत आणि नाट्यगृह सांगलीत असेल तर सातारा आणि सांगली अशी दोन्हीकडे फाइल. बारा तासांच्या शिफ्टमध्ये नायक पाचच तास मिळतो हे वेळापत्रकात आधीच मांडले नाही, तर संध्याकाळी सगळे युनिट पाठमोऱ्या डमीचे शॉट घेत बसते.

पात्रांत माकड असेल तर विषय आणखी आखडतो. माकड, अस्वल, वाघ, सिंह यांना खेळ करून दाखवणारे प्राणी म्हणून वापरण्यास १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली बंदी आहे. कार्टूनमधला बोलका माकडमित्र म्हणून संगणकावरच जन्म घेतो, आणि सेटवर मुलाने काठीला लावलेल्या चेंडूकडे बघून त्याच्याशी गप्पा मारायच्या असतात. चेंडू माकडाच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. छातीच्या उंचीला धरला तर पडद्यावर मूल माकडाच्या पोटाशी बोलताना दिसते.

जागा : वाई आणि मेणवली. कार्टूनमधले गाव एका नजरेत मावते: नदी, वाडा, देऊळ, मैदान. कृष्णाकाठी वाई आणि मेणवलीत या चारही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरात आहेत, म्हणूनच हिंदी-मराठी चित्रपट इथे वर्षानुवर्षे येतात. ‘स्वदेस’ (२००४) मधले गाव बरेचसे मेणवलीचे आहे. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट यांना सेटसारखे उभारावे लागत नाही. पण घाटाचा दगड काळा बसाल्ट. चित्रातले गाव फिकट पिवळ्या-हिरव्या रंगात असते. इथे पात्राच्या मागे काळोखा दगड येतो आणि मूळ हलकेपणा जातो. पाठीमागे पांढरी कापडे वाळत घालणे, कनातींचा वापर, किंवा सरळ सकाळच्या तिरप्या उन्हात शूटिंग करणे हे मार्ग. दगडाला रंग देणे हा मार्ग नाही, हे सांगावे लागते ही खंत.

दरी डोंगरांनी वेढलेली असल्याने हिवाळ्यात ऊन उशिरा खाली येते आणि लवकर निघून जाते. मेणवली धोम धरणाच्या खाली आहे. पाणी सोडले की घाटाच्या दोन-तीन पायऱ्या बुडतात आणि कालच्या शॉटशी आजचा जुळत नाही. पाटबंधारे खात्याचे आवर्तन विचारून तारखा घ्याव्यात. जून ते सप्टेंबर सोडलाच पाहिजे. पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेसाठी वाईतून गर्दी जाते, तेव्हा जनरेटरची गाडी अडकते. माघ–फाल्गुनात घाटांवर कृष्णाबाईचे उत्सव असतात. त्या दिवसांत घाट मागू नये.

दृश्य-परिणामांसाठी प्रत्येक सेटअपनंतर पात्रांशिवायचा रिकामा शॉट, करड्या आणि चकचकीत गोळ्याचा शॉट (संगणकावर उजेड जुळवायला) आणि भिंगाची नोंद घ्यायची असते. हे सगळे पाच मिनिटांचे काम. ऊन जात असताना सगळ्यात आधी हेच वगळले जाते आणि पुढे त्याची भरपाई महिनोन्‌महिने होते. वाहत्या पाण्यावर तर रिकाम्या शॉटचाही अर्धाच उपयोग, कारण लाटा जुळत नाहीत.

नाटकाकडून घेता येण्याजोगे. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले. त्या परंपरेत राक्षस राळेच्या भडक्यात आरडाओरडा करत येत आणि प्रेक्षक ते मान्य करत, कारण सूत्रधारापासून गणपतीपर्यंत सगळेच त्याच पट्टीत असे. भाव्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडवल्या होत्या. रूपांतरातले अभिनयाचे कोडे इथे सुटू शकते: भडकपणा हा दोष नाही, एकट्यानेच भडक असणे हा दोष. ‘वन पीस’ या जपानी मालिकेच्या २०२३ मधील रूपांतराच्या आठ भागांत जहाजे खरोखर बांधली गेली, आणि वेष, टोप, संवाद, सगळे एकाच चढ्या सुरात ठेवले, त्यामुळे रबरासारखा ताणणारा नायकही खपला. ‘काउबॉय बीबॉप’ या दुसऱ्या जपानी मालिकेच्या रूपांतरासाठी (२०२१) मूळ संगीतकार योको कान्नो परत आल्या, तरी मालिका तीन आठवड्यांच्या आत बंद झाली. ओळखीचे सूर होते, पण बाकीची पट्टी जुळली नव्हती. नाटकातला नट आणताना मात्र हे ध्यानात ठेवावे की भाव्यांचा प्रेक्षक वीस-तीस हातांवर बसे. कॅमेरा दोन हातांवर असतो. आवाज चढा चालेल, भुवया नाही.

मराठी-हिंदी घरांत ‘छोटा भीम’ (२००८ पासून) हे जवळचे उदाहरण. २०१२ च्या ‘कर्स ऑफ दम्यान’ या ॲनिमेशनपटाची कथा घेऊन मालिकेचे जनक राजीव चिलका यांनीच ३१ मे २०२४ रोजी खऱ्या मुलांचा चित्रपट आणला. तेव्हा मूळ प्रेक्षक कॉलेजात पोचला होता आणि नवा प्रेक्षक पहिलीत होता. पहिल्याला आठवण हवी असते, दुसऱ्याला गोष्ट. आवाजातही तेच: कार्टूनमधल्या मुलांचे आवाज पुष्कळदा मोठी माणसे, विशेषतः बायका देतात आणि तो आवाज कानात बसलेला असतो, खऱ्या मुलाचा घोगरा, अडखळता आवाज पहिल्या पाच मिनिटांत परका वाटतो. त्याच्या ओठांवर जुना आवाज चढवला तर आणखी वाईट दिसते. पहिले दृश्य कमी संवादांचे ठेवले तर कान तयार होतात.

मुख्य चित्रीकरणाआधी एक चाचणी दिवस धरावा: मुख्य पात्र पूर्ण वेषात, ठरलेल्या घाटावर, सकाळी नऊला आणि दुपारी दोनला, जवळून व दुरून. सोबत एक उडी, एक घास, एक रागाचे वाक्य. विग उडतो का, रंग फुटतो का, मूल धोतरात धावू शकते का, हे तेवढ्यात कळते. सॉनिकचा चेहरा पुन्हा घडवता आला, कारण तो संगणकात होता. मेणवलीचा शॉट फसला तर दोन महिन्यांनी पाण्याची पातळी वेगळी असते आणि मुलाचे पुढचे दोन दात पडलेले असतात.